भिंतीवरच्या पंगतीतली जागा

“ती जागा कुणाची, बुवा?”

बुवा लसूण सोलत होते. त्यांनी सूप जरा हलवलं, सालं फुंकली आणि मान वर केली.

“कंची?”

“भिंतीवरची. अकरा माणसं जेवायला बसली आहेत आणि मधेच एका माणसापुरती भिंत मोकळी सोडली आहे. ती.”

“ती व्हय...” म्हणून बुवांनी पुढची पाकळी उचलली.

विद्याधर नाडगौडा वाट बघत राहिले. पुण्याहून निघून, तीन गाड्या बदलून, शेवटची दोन मैलांची चढण पायी चढून ते खैराटीच्या मठात आले होते, ते एवढं एकच विचारायला. हात-पाय धुण्याआधीच त्यांनी विचारून टाकलं होतं.

श्रीपती उत्तूरकर या चित्रकाराचं नाव काढलं की चित्रं कळणारी माणसं अजून आदरानं कानाला हात लावतात. त्यांची चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. अशा माणसानं आयुष्यातलं शेवटचं चित्र काढलं ते या आडरानातल्या मठात, जेवणाच्या ओसरीच्या भिंतीवर. ते संपवून त्यांनी कुंचला ठेवला आणि पुन्हा हातात घेतला नाही. दीड वर्षात गेलेच. याला आता साठ वर्षं झाली.

आणि नाडगौडा हे उत्तूरकरांच्या चरित्राला वाहून घेतलेले गृहस्थ. बारा वर्षं. उत्तूरकरांच्या चष्म्याचा नंबर काय होता, कोणत्या भाडेकरूशी त्यांचं बिनसलं, दाढ कोणत्या साली काढली, हे सगळं त्यांना पाठ. उत्तूरकरांना स्वतःला इतकं आठवत नसेल. सातशे पानं लिहून झाली होती. शेवटचं प्रकरण तेवढं उघडं होतं, कारण ते या मोकळ्या जागेवर येऊन अडलं होतं. जागेचं उत्तर मिळालं की पुस्तक मिटणार, नाहीतर बारा वर्षांचं घोडं शेवटच्या ओढ्यात बसणार. आणि ती भिंत रंगताना पाहिलेला जिवंत माणूस जगात एकच उरला होता. बावीस वर्षांचा असताना ज्यानं उत्तूरकरांना चार महिने रंग घोटून दिले, तो आता लसूण सोलत होता.

नाडगौडांनी खाली बसकण मारली आणि आपले चार तर्क सांगितले. ती जागा उत्तूरकरांच्या पत्नीची, तानूबाईंची असेल. त्या लवकर गेल्या. किंवा नदीत बुडालेल्या मुलाची. किंवा ज्या गुरूंनी त्यांना शाळेतून हाकललं आणि ज्यांना ते जन्मभर विसरले नाहीत, त्यांची. किंवा मग स्वतः उत्तूरकरांची, जगातून उठून जाण्याच्या तयारीतली. प्रत्येकाला पुरावा होता. पत्रांच्या तारखाही त्यांनी सांगितल्या.

बुवांनी सगळं मन लावून ऐकलं.

“चौगं बी बरी मानसं,” ते म्हणाले.

“पण त्यातलं कोण?”

“सांगतो की. ऱ्हावा चार दिस. जाताना सांगतो.”

असं म्हणून ते उठले. ऐंशी उलटलेला माणूस, पण उठताना हात टेकला नाही. जेवणाची घंटा झाली होती. त्यांनी नाडगौडांचा हात धरला आणि त्यांना ओसरीवर नेलं.

नाडगौडांनी ते चित्र छायाचित्रांत हजारदा पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते माणसाएवढं होतं, हे मात्र त्यांना मोजमापांवरून माहीत असूनही माहीत नव्हतं. भिंतीला टेकून एक अख्खी पंगत बसलेली. गेरू, चुना, काजळी, थोडी नीळ. पाच माणसं एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला, मधे कोरी भिंत. बुवांनी त्या कोऱ्या जागेकडे हात केला आणि म्हणाले, “बसा.”

नाडगौडांचे डोळे भरून आले. बुवा आपल्याला समोर बसून दर्शन घ्यायला सांगताहेत असं त्यांना वाटलं. ते मागे सरले आणि हात जोडून समोर उभे राहिले.

तेवढ्यात पत्रावळी घेऊन माणसं आत येऊ लागली. आसपासच्या वाड्यांवरची, मठात काही कामाला आलेली, कुणी नुसतीच आलेली. त्यातला एक जण खुशाल त्या भिंतीकडे निघालेला पाहून नाडगौडा पुढे धावले. त्यांनी त्याला थांबवलं. स्वयंपाकघरातून सुतळी मागून घेतली आणि ओसरीच्या दोन खांबांना बांधून भिंतीच्या दीड हात अलीकडे दोरी ताणली. मग जमलेल्यांना त्यांनी स्वच्छ पुणेरी मराठीत समजावून सांगितलं, की ही भिंत म्हणजे काय आहे, हिच्यावर कुणाची बोटं फिरली आहेत आणि हिला आपला साधा श्वाससुद्धा कसा बाधतो.

माणसं ताटकळत ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती निमूट समोरच्या बाजूला बसली. बुवांनी दोरीकडे एकदा बघितलं.

नाडगौडा स्वतः खोलीत जेवले. मांडीवर वही आणि खुर्चीवर ताट अशी त्यांची जुनी सवय होती. बायजाक्का म्हणून मठात स्वयंपाक बघणाऱ्या बाई होत्या, त्यांनी ताट आणून ठेवलं. खोलीतून पंगतीचे आवाज येत होते. वाढून झालं की बुवा ओळीतून फिरत आणि प्रत्येकाला वाकून सांगत, “सावकाश होऊ द्या.” नाडगौडांना ते ऐकू आलं. वहीत लिहिण्यासारखं काही वाटलं नाही.

संध्याकाळी ते ओसरीवर गेले तर दोरीवर बुवांचा ओला पंचा वाळत होता.

“दोरी बांदलीसा ते लई ब्येस झालं,” बुवा म्हणाले. “वाळत घालाय जागाच नव्हती बगा.”

बुवा चेष्टा करताहेत की काय, हे नाडगौडांना कळेना. त्यांनी पंचा हळूच काढून बाहेरच्या झुडपावर टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दोरीवर होता.

दुसरा दिवस त्यांनी बुवांच्या मागे मागे काढला. उत्तूरकर कसे बोलत, कुठल्या हातानं जेवत, रात्री झोप लागायची का, कुणाची आठवण काढायचे का... बुवा आठवून आठवून सांगत होते, पण सगळं भलतंच. त्यांना करडईची भाजी फार आवडायची. खोकला होता. बायजाक्कांची सासू तेव्हा स्वयंपाक करायची, तिला ते फार भ्यायचे. नाडगौडांनी करडईची भाजी लिहून घेतली आणि तिच्याखाली एक रेघही मारली.

मग बुवांनी उलट विचारलं.

“मास्तर, ती म्हातारी कशाला हसतीया?”

“कोणती?”

“मोकळ्या जागंला खेटून बसलीया ती.”

हे नाडगौडांना येत होतं. ती उत्तूरकरांची आत्या, गंगाबाई. बालविधवा. उत्तूरकरांना तिनंच वाढवलं. तिच्या जन्माचं साल त्यांनी सांगितलं, मृत्यूचंही सांगितलं. शेवटी शेवटी तिला भ्रम झाला होता, हेही सांगितलं.

“त्ये झालं. हसतीया कशाला?”

नाडगौडांनी त्या म्हातारीवर दहा पानं लिहिली होती. ती हसते आहे हे लिहिलेलं होतं. कशाला, हे लिहिलेलं नव्हतं.

“बगून या जावा,” बुवा म्हणाले.

ते गेले. वही नेली होती, पण सुरुवातीला उघडली नाही, कारण काय लिहायचं हेच ठाऊक नव्हतं. दोरीच्या अलीकडे मांडी घालून बसले आणि बघू लागले. बराच वेळ नुसतेच बघत राहिले.

टोकाला एक आडव्या अंगाचे गृहस्थ बसले होते. उत्तूरकरांचे सावकार मेहुणे, हे नाडगौडांना माहीत होतं. या मेहुण्यांनी डाव्या हातानं धोतराची गाठ सैल करायला घेतली होती, आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून डोळे तिरके केले होते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या शेजारी एक जण पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून ‘नको, नको’ करत होता. बोटांच्या मधे फट होती आणि त्या फटीतून तो जिलबीकडे बघत होता. एका बाईनं कारल्याची भाजी पत्रावळीच्या काठाखाली सरकवली होती, हिरवं टोक तेवढं बाहेर राहिलं होतं.

नाडगौडांना हसू फुटलं. एकट्यालाच, ओसरीवर, खो खो. आत भांडी घासणाऱ्या बायजाक्का बाहेर येऊन बघून गेल्या.

हसता हसता त्यांना एकदम आठवलं, की आपण शेवटचं असं कधी हसलो होतो. मग त्यांनी घाईघाईनं वही उघडली, कारल्याच्या टोकाची नोंद केली, धोतराच्या गाठीची केली, आणि त्यापुढे ‘विनोदबुद्धी, उत्तरकाळातील’ असं लिहिलं. लिहून होईपर्यंत हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

म्हातारीचं मात्र कोडं सुटलं नाही. ती मान वळवून, तोंडाचं बोळकं उघडं टाकून, कोऱ्या भिंतीकडे बघून हसत होती. तिथे काहीच नव्हतं. दुसऱ्या बाजूचा लाल पागोट्याचा माणूसही तसाच. त्यानं हातातली मिठाची वाटी त्या कोऱ्या भिंतीपुढे धरली होती.

“बुवा, ती कशालाच हसत नाही,” त्यांनी येऊन सांगितलं. “समोर काही नाहीच. भ्रमच तो.”

“आन् मिठाची वाटी?”

“ते प्रतीक असणार. खाल्ल्या मिठाला जागण्याचं. म्हणजे ती जागा गुरूंची ठरते.”

बुवांनी मान डोलावली. मास्तरांना उन्हाचं बसवू नका, ताक द्या, असं त्यांनी आत बायजाक्कांना ओरडून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं चिंचेखाली बसले होते. बुवा पत्रावळी लावत होते. नाडगौडांनाही त्यांनी चार पानं दिली होती, पण पानं टाचायच्या बारीक चोया नाडगौडांच्या हातात मोडत होत्या.

बुवांनी सहज विचारलं, या चित्रकाराचं पहिलं चित्र तुम्ही कुठे बघितलंत. नाडगौडांना हा प्रश्न आजवर पुष्कळांनी विचारला होता, आणि ते एका प्रदर्शनाचं नाव सांगत. आज काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी खरं सांगितलं. सांगलीत, एका दातांच्या दवाखान्यात. ते नऊ वर्षांचे होते, दाढ ठणकत होती आणि भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. त्याच्यावर बैलबाजाराचं चित्र. एका खोंडानं मालकाच्या पागोट्याचा लोंबता शेव तोंडात धरला होता आणि मालक ऐटीत सौदा करत होता. त्याला काही पत्ताच नव्हता.

“मी तासभर बघत होतो, बुवा. माझा नंबर आला, मला हाका मारल्या, मला ऐकू आलं नाही. दाढ दुखतच नव्हती.”

“चित्र कुनी काडलंय ते ठावं हुतं?”

“नाही. खाली नाव होतं, पण मी वाचलं नाही.”

“बरं...”

बुवांनी एक पान पालथं घातलं, चोय टोचली.

“आन् दाढ?”

“काढली.”

दोघंही हसले. मग नाडगौडा पानं चाचपू लागले. त्या खोंडाकडे बघून जे झालं होतं त्याच्यासाठीच आपण या माणसाच्या मागे लागलो, असं ते म्हणाले. आणि मग खाली बघत म्हणाले, “पण ते पुन्हा झालं नाही हो. आता कुठलंही चित्र समोर आलं की मला साल दिसतं.”

नाडगौडांनी मोडलेल्या चोया बुवांनी काढून टाकल्या आणि ती पत्रावळ स्वतः पुरी केली.

चौथ्या दिवशी निघायचं होतं. अडीचला खालच्या फाट्यावर एसटी यायची. सकाळी नाडगौडा शेवटच्या नोंदी घ्यायला ओसरीवर गेले. दोरीखालून वाकून, श्वास धरून, त्यांनी ती कोरी जागा जवळून तपासली. चुना तिथं गुळगुळीत झिजला होता. बसलेल्या माणसाच्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक पिवळसर, तुकतुकीत डाग पडला होता.

‘मध्यभागी ओल आली आहे,’ त्यांनी लिहिलं. ‘तातडीने उपाय न केल्यास...’

बायजाक्का ओसरी सारवायला आल्या होत्या. त्या थबकल्या.

“काय लिवतायसा?”

नाडगौडांनी ओलीचं सांगितलं.

“अवो, ओल न्हवं ती. पाठी हाईत.”

“पाठी?”

“मानसांच्या. तेल असतंय की अंगाला. नवा पाव्हना आला की पयल्या दिशी तितंच बसवत्यात न्हवं त्येला.” त्यांनी पोतेरं पिळलं आणि जरा ओशाळून म्हणाल्या, “तुमी आल्यापास्नं बंद हाय.”

नाडगौडांनी वही मिटली.

ते तसेच बुवांकडे गेले. बुवा गोठ्यात होते, गाईच्या गळ्यातली घंटा पुसत. नाडगौडांना राग आवरेना. बारा वर्षांत ते कुणावर असे ओरडले नव्हते.

“साठ वर्षं! साठ वर्षं तुम्ही उत्तूरकरांच्या चित्रावर माणसं बसवताय?”

“चित्रावर कशाला बसवू?”

“मग कुठे बसवता?”

“पंगतीत.”

“हे त्यांना कळलं असतं तर काय झालं असतं, बुवा?”

बुवांनी घंटा गाईच्या गळ्यात पुन्हा बांधली. गाठ ओढून पाहिली.

“पयल्यांदा त्येनीच बसवलं.”

नाडगौडांचा राग जागच्या जागी विझला. त्यांना खाली बसावंसं वाटलं. गोठ्यात बसायला काही नव्हतं, म्हणून ते गव्हाणीला टेकले.

“कुणाला?”

“मला.”

मग बुवांनी सांगितलं. भिंत पुरी झाली त्या दिवशी उत्तूरकरांनी कुंचला धुतला, हात पुसले आणि बाहेर येऊन त्यांना हाक मारली. बुवा तेव्हा अंगणात घोटायचा दगड धूत होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हातावर गेरू, अंगात सदरा नाही. उत्तूरकरांनी त्यांना आत नेलं, त्या मोकळ्या जागेत बसवलं, स्वतःच्या हातानं पान मांडलं आणि भात वाढला.

नाडगौडांनी वही उघडली. बायको नाही, मुलगा नाही, गुरू नाही. चारही तर्क चुकले होते आणि त्यांना त्याचा आनंद झाला होता. पाचवं उत्तर कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘ती जागा रंग घोटणाऱ्या गड्याची.’ खाली दोन रेघा मारल्या. सातशे पानं एकदम हलकी झाली.

“म्हणजे ती जागा तुमची होती, बुवा...”

“दुसऱ्या दिशी कल्हईवाला आला,” बुवा म्हणाले. “त्येला बसवलं.”

पेन्सिल थांबली.

“कुणी?”

“उत्तूरकरांनीच. त्येच्या दुसऱ्या दिशी पलीकडच्या वाडीची एक बाई. लेकीकडं निघाली हुती, ऊन लागलं म्हनून टेकली. मग एक सरकारी मानूस आला, हिरी मोजाय. मग...” बुवांनी डोळे मिटून आठवून बघितलं. “मग एक असाच. चोर हुता म्हनं. लई जेवला.”

नाडगौडा वहीकडे बघत राहिले. दोन रेघा तशाच होत्या.

“उत्तूरकर काही म्हणायचे का, बुवा? बसवताना?”

“म्हनायचे की.”

“काय?”

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

“चला. पौर्णिमा हाय, गर्दी असंल,” बुवा म्हणाले. “जेवल्याबिगर जाऊ ने मास्तर.”

दर पौर्णिमेला आसपासची सगळी गावं मठात जेवायला येत. नाडगौडा पिशवी खांद्याला लावून ओसरीवर आले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. समोरची ओळ भरलेली, कडेच्या दोन्ही ओळी भरलेल्या, पायऱ्यांवरही माणसं. आज खोलीत ताट न्यायला बायजाक्कांना सवड नव्हती. त्यांनी येता येता नाडगौडांच्या हातात एक पत्रावळ दिली आणि त्या पुढे गेल्या.

नाडगौडा पत्रावळ घेऊन उभे राहिले.

कुणी हाक मारली नाही. कुणी सरकून घेतलं नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. दोरीवर बुवांचा पंचा वाळत होता आणि दोरीच्या पलीकडे एका माणसापुरती जागा होती.

त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खिशातलं घड्याळ बघितलं. मग पिशवी खांबापाशी ठेवली, पंचा काढून स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि दोरी सोडायला घेतली. गाठ त्यांचीच होती, चांगली आवळून मारलेली. सुटेना. शेवटी दातांनी सोडवावी लागली, आणि मागच्या बाजूची एक दाढ नसल्यामुळे त्यालाही वेळ लागला. दोरी खाली पडली.

ते बसले. पाठ ताठ, भिंतीपासून दोन बोटं पुढे. बारा वर्षं जे चित्र जपलं त्याला आपला सदरा लागू नये म्हणून अंग चोरून.

बायजाक्कांनी भात वाढला. पाठोपाठ आमटी आली, पौर्णिमेची, ओगराळंभर. नाडगौडांना पत्रावळीवर जेवायची सवय राहिली नव्हती. आमटी भाताला वळसा घालून निघाली ती सरळ त्यांच्या धोतराकडे. त्यांनी झटकन भाताचा बांध घातला. आमटीनं तो फोडला. त्यांनी दुसरा घातला. ती पलीकडून निघाली. दोन्ही हात लावून, तोंडानं ‘अरे, अरे’ करत, विद्याधर नाडगौडा आमटी अडवत होते आणि समोरची अख्खी ओळ जेवायची थांबली होती.

शेवटी बांध टिकला. दमून ते मागे टेकले.

चुना गार होता. भिंतीला त्यांच्या पाठीएवढाच खळगा होता, खांदे बरोबर बसले. दचकून पुढे व्हायला हवं, हे त्यांच्या लक्षात आलं, पण ते झाले नाहीत.

समोर कुणीतरी फिसकलं. मग सगळीच ओळ हसू लागली. त्यात वाईट काही नव्हतं. प्रत्येकाची आमटी कधी ना कधी अशी पळालेली होती. नाडगौडांनी लाजून मान वळवली, उजवीकडे, आणि म्हातारी त्यांच्या खांद्याशी होती. वीतभर अंतरावर. तोंडाचं बोळकं उघडं टाकून, त्यांच्या पत्रावळीकडे बघून ती पोट धरून हसत होती.

गंगाबाई, आत्या, बालविधवा. यातलं काही त्या क्षणी नाडगौडांना आठवलं नाही. एक म्हातारी आपल्याला हसते आहे एवढंच त्यांना दिसलं, आणि त्यांना तिचा भारी लोभ वाटला.

ते डावीकडे वळले. लाल पागोटेवाल्यानं मिठाची वाटी त्यांच्यापुढे धरली होती. त्यांनी एक घास खाऊन बघितला. आमटीत मीठ कमीच होतं.

मग त्यांना हसू आलं ते आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि हात आमटीनं भरलेले म्हणून ते पुसताही येईना. खांद्यावरचा बुवांचा पंचा तोंडाला लावून ते हसत राहिले. सांगलीच्या त्या बाकड्यावर नऊ वर्षांच्या मुलाला जसं झालं होतं, अगदी तसं. एसटीचं त्यांना सुचलं नाही. वही पिशवीत होती आणि पिशवी खांबापाशी, तिकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

बुवा ओळीतून येत होते. एकेकापाशी वाकत, काही हवं नको विचारत. नाडगौडांपाशी येऊन थांबले. हातात आमटीचं भांडं.

नाडगौडांनी भरल्या डोळ्यांनी वर बघितलं.

“बुवा... इथून चित्र दिसतच नाही हो.”

बुवांनी वाकून त्यांच्या भाताला बोटानं आळं केलं. त्यात आमटी वाढली, बेताची, कुठं जाणार नाही एवढी. आणि म्हणाले,

“सावकाश होऊ द्या.”